बाप उजळून आणला

तांब्याचं जुनं नाणं कसं साफ करावं, हे केजमध्ये मी सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या वहिनी चिंच-मीठ सांगतात. कोपऱ्यावरचा न्हावी टूथपेस्टचा पुरस्कर्ता आहे. तहसीलच्या आवारात अर्ज लिहून देणाऱ्या माझ्या एका दोस्ताने तर कुठल्याशा व्हिडिओत पाहून नाणं कोल्ड्रिंकमध्ये बुडवून ठेवलं, आणि नाणं लख्ख झाल्यावर, वाया कशाला घालवा म्हणून, ते कोल्ड्रिंक पिऊन टाकलं. मग काही दिवस तो अर्ज लिहायला आलाच नाही. आला तेव्हा म्हणाला, "नाण्याचं सोड बे, मीच आतून साफ झालो."

मी त्याच कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो. लोकांच्या कागदांवरचे पुसट शिक्के डोळ्यांजवळ धरून वाचण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या मागे लागतात, नाहीतर सुनेच्या. मी नाण्यांच्या मागे लागलो आणि माझ्या सुनेने सुटकेचा निःश्वास टाकला. तसं पाहिलं तर काम तेच होतं. नाण्यावरही शिक्का असतो आणि तोही पुसटच असतो. फरक एवढाच, की नाणं समोर उभं राहून ‘साहेब, आजच्या आज करून द्या’ असं म्हणत नाही.

नाण्याचं शास्त्र फार सोपं आहे. घासू नका, एवढंच. पण आपल्या माणसाला ‘काही करू नका’ असं सांगितलं की त्याला तो स्वतःचा अपमान वाटतो, म्हणून मी थोडं लांबवून सांगतो. आमच्या बोअरचं पाणी असं आहे की त्यात नुसती बादली ठेवली तरी पांढरा थर चढतो, तेव्हा मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणतो. त्यात नाणं भिजत घालायचं, पाणी बदलत राहायचं, आणि माती मऊ झाली की बाभळीच्या काट्याने अक्षरांच्या खाचेतून ती हलकेच काढायची. तांब्यावर जो हिरवा थर चढतो त्याला आमच्याकडे जंगाल म्हणतात. तो खरुजेसारखा पसरत असेल तर नाणं गोडेतेलात बुडवायचं आणि विसरून जायचं. नंतर टिपून, वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायचं. सोबत नव्या चपलांच्या खोक्यात निघते ती ‘खाऊ नये’ लिहिलेली पुडी टाकायची, म्हणजे दमट हवा लागत नाही. यातलं विसरून जाण्याचं काम मला उत्तम जमतं. माझ्या बरण्या स्वयंपाकघराच्या फळीवर महिनोन्‌महिने असतात आणि बायको आल्यागेल्याला त्या दाखवत असते. "लोणच्याला तेल पुरंना, आन ह्येंचे पैसे बघा कसे डुंबायलेत," असं ती म्हणते.

माझ्याकडे येणाऱ्यांना नाणं जपायचं नसतंच. त्यांना ट्रॅक्टर घ्यायचा असतो. मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं असतं की आजोबांच्या डब्यातल्या पैशाला परदेशात गिऱ्हाईक आहे. उमापूरहून एक गृहस्थ एसटी बदलत बदलत आले होते. त्यांनी नाणं विटकरीच्या भुकटीने इतकं मन लावून घासलं होतं, की त्यावर राजा, साल, अक्षर असलं काहीही शिल्लक नव्हतं. "आता कसं चमकायलंय! काय येतील ह्येचे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मधी भोक पाडा आन पंपाला वायसर म्हणून लावा." ते उठले आणि दारात चपला घालताना म्हणाले, "तुमी जळता." मला वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवशी जेवण चांगलं गेलं.

गावाला इतकं शहाणपण पाजळत असताना, आमच्या स्वतःच्या देवघरात तीन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे पैसे, होत्या आणि त्यांच्याकडे मी धड पाहिलंही नव्हतं. म्हणजे एकदा पाहिलं होतं. भिंग लावून, भुवया चढवून पाहिलं आणि मायला निकाल सांगितला, "माय, यात काही विशेष नाही. झिजलेली आहेत, ढिगाने मिळतात." माय म्हणाली, "नसू दे." तिला काही लिलाव करायचा नव्हता.

माय गावी राहते, नेकनूरच्या अलीकडे, माझ्या धाकट्या भावाकडे. आमचा बाप मेंढरं राखायचा. त्याच्या बापानेही तेच केलं. मी शिकलो आणि केजला जाऊन टेबलामागे बसलो. धाकटा शिकला नाही, म्हणून उपसरपंच झाला. सध्या तो फ्लेक्सवर ‘भावी’ आहे. कशाचा भावी, ते फ्लेक्स पाहून कळत नाही, कारण त्या जागी नेमका विजेचा खांब येतो.

तर देवघरातल्या त्या तीन शिवराया. आमच्यात घरचं थोर माणूस गेलं की त्याला देवात बसवतात. ऐपत असेल तर चांदीचा टाक करून, म्हणजे पत्र्यावर मूर्ती ठोकून घेऊन. आमच्याकडे चांदीचे टाक फक्त देवांना होते. माणसांना तांब्याचा पैसाच पुरे, असा घरचा शिरस्ता होता. पहिला पैसा आमच्या आज्याचा, म्हणजे मायच्या सासऱ्याचा. दुसरा चुलत्याचा. तो तिचा दीर, ऐन उमेदीत गेलेला. आणि तिसरा आमच्या बापाचा. तो पैसा बापाला मेंढरांमागे फिरताना ओढ्यात सापडला होता आणि मरेपर्यंत त्याच्या चंचीत होता. तंबाखूचा चुना डबीतून काढायला बोट घालायचा त्याला कंटाळा, म्हणून तो त्या पैशाच्या कडेने चुना खरवडायचा. असं करून करून पैशाच्या एका अंगाला चुन्याचं दगडासारखं खपल धरलं होतं. बाप गेल्यावर मीच म्हणालो होतो की टाक करून घेऊ. माय म्हणाली, "कावून? ह्यो त्येंच्या हातातला हाय. ह्योच बसंल."

काचबिंदूने मायची नजर गेल्याला काही वर्षं झाली. उजेड-अंधार कळतो, बाकी सगळं हाताने. सकाळी अंघोळ करून ती देवापुढे बसते आणि एकेकाला चाचपून पुसते. खंडोबाचा टाक घोड्यावरून ओळखू येतो. मग देवी. मग माणसं. सासऱ्याच्या पैशावर जंगालाची खरखर होती. ती बोटाला लागली की माय डोक्यावरून पदर पुढे ओढायची आणि गप्प बसून पुसायची. सासरा मेला म्हणून काय झालं. दिराचा पैसा तेलाने गुळगुळीत झाला होता. त्याला ती "बस बाबा" एवढं म्हणायची. आणि चुन्याचं खपल बोटाला लागलं की पदर मागे पडायचा आणि तोंड सुटायचं. "आवं, काल कुठं गेलतात सपनात? एकदा बी आला न्हाईत. पाठ दुखायलीय. धाकट्याला चार शबूद सांगा, सारखा गाडीतच असतोय. थोरल्याचं काय, त्यो तेलात पैसे तळतोय."

आमचा बाप जिवंतपणी घरात कमी आणि रानात जास्त असायचा. मेंढरं घेऊन गेला की हंगाम सरल्यावर परत. म्हणजे मायचं नवऱ्याशी रोज बोलणं सुरू झालं ते तो देवात बसल्यावर. मी गावी मुक्कामाला असलो की ओट्यावर चहा पीत ते ऐकायचो. मला ते फार आवडायचं. माझी चहाडी तिथे नेमाने व्हायची, तरीही आवडायचं.

धाकट्याने नवं स्लॅबचं घर बांधलं आणि वास्तुशांत काढली. वास्तुशांतीला तालुक्याचे एक साहेब येणार होते. साहेब येणार म्हणजे फोटो निघणार, आणि साहेबांना देवापुढे हात जोडल्याशिवाय फोटो काढता येत नाही. धाकट्याने बीडहून नवं देवघर आणलं. त्यात दिव्यांची माळ होती आणि ती निळी, लाल, हिरवी अशी रंग बदलत होती. त्या उजेडात आमचे काळवंडलेले देव बसवले तर साहेब काय म्हणतील, ही त्याची चिंता होती. तो मायला म्हणाला, "माय, देव उजळून आणू का?"

"आण की," माय म्हणाली. "दसऱ्यालाच उजळायचे व्हते."

सणासुदीला, कार्याला देव सोनाराकडे नेऊन उजळून आणतात, यात काही नवीन नाही. घोटाळा शब्दात होता. मायच्या लेखी देव म्हणजे टाक. पैसे ही माणसं. माणसाला कुणी उजळायला नेतं का? धाकट्याच्या लेखी देवघरात आहे ते सगळं देव. त्याने सगळ्यांची लाल फडक्यात मोट बांधली आणि गाडीत टाकून बीडला नेली. सोनाराने बिचाऱ्याने विचारलंही होतं, "ह्ये तांब्याचे पैसे बी घ्यायचे?" आमचे उपसरपंच म्हणाले, "सगळे घ्या. काम एक नंबर झालं पायजे."

काम एक नंबर झालं. आधी तेजाबात बुडवलं, मग पॉलिशच्या मशीनवर धरलं. टाक झळाळले. पैसेही झळाळले. धाकट्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर काचभर अक्षरांत राजांचा जयजयकार आहे, आणि त्याच गाडीतून नेलेल्या राजांच्या नाण्यांवर ‘छत्रपति’ या अक्षरांपैकी एकही अक्षर परत आलं नाही.

मी वास्तुशांतीच्या सकाळी जीपने पोहोचलो. नवं देवघर उघडलं आणि आत तीन तांबड्या चकत्या निळ्या-लाल उजेडात चमकताना दिसल्या. मला उमापूरचे गृहस्थ आठवले. माझ्या अंगातला जाणकार खवळला. मी धाकट्याला बाजूला घेऊन व्याख्यान सुरू केलं, की घासलं की नाणं मरतं, वरचा थर म्हणजे त्याचं कातडं असतं, हे तीनशे वर्षं टिकलं होतं आणि तू ते एका दुपारी संपवलंस. धाकटा म्हणाला, "दादा, तूच तर म्हणला व्हतास, ह्येच्यात काय न्हाई." तेवढ्यात फटाके वाजले, साहेब आले. साहेबांनी हात जोडले, फोटो निघाला. देवघराकडे पाहून साहेब म्हणाले, "वा, सोन्याची नाणी आहेत का?" धाकटा नम्रपणे हसला आणि नाही म्हणाला नाही.

मायला त्या दिवशी कुणी देवापाशी जाऊच दिलं नाही. भटजी होते, पाहुणे होते, साहेब होते. तिला नव्या सोफ्यावर बसवलं होतं आणि येणारा-जाणारा पाया पडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवापुढे बसली. मी नेहमीप्रमाणे चहा घेऊन बाहेर. घंटा वाजली. मग बराच वेळ काहीच नाही. मी आत डोकावलो. माय एकेक पैसा उचलत होती, दोन्ही अंगांनी बोट फिरवत होती, खाली ठेवत होती. परत पहिला उचलत होती. नखाने कड खरवडून पाहिली. जिभेला लावून पाहिला. मग तिने पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला आणि तिन्ही पैसे गुपचूप पुसून ठेवले. कोणता सासऱ्याचा, ते कळत नव्हतं ना. नवऱ्याला बोलायला जावं आणि समोर सासरा निघावा, ही चूक तिच्या हातून मेली तरी व्हायची नव्हती.

त्या दिवशी ती देवापाशीही बोलली नाही आणि आमच्याशीही. जेवायला बसली, दोन घास खाल्ले आणि उठली. मला गलबलून आलं, आणि असं काही झालं की मी जे करतो तेच केलं. भिंग काढलं. तिन्ही पैसे ओट्यावर उन्हात मांडले आणि बघत बसलो. जाडी सारखी. वजन हाताला सारखं. एकाची कड जराशी चेपलेली वाटली, पण ती बापाच्या डबीने की सोनाराच्या मशीनने, हे कोण सांगणार? चुन्याचा कणही कुठे उरला नव्हता. तेव्हाच बारकाईने पाहिलं असतं तर निदान कडांची ठेवण ध्यानात राहिली असती. पण ढिगाने मिळणाऱ्या नाण्याची ठेवण कोण ध्यानात ठेवतो?

दुपारी मायने आम्हा दोघांना हाक मारली. धाकटा निघायच्या घाईत होता, फोन कानालाच होता. तिने हातावर तिन्ही पैसे घेतले आणि तळवा आमच्यापुढे धरला.

"मी देव उजळ म्हणलं व्हतं," ती म्हणाली. "ह्यी माणसं व्हती. आता झालं ते झालं. मला दिसत न्हाई, तुमाला दिसतंय. तुमचा बाप कोणता ह्येच्यात, तेवढं सांगा."

आमच्या भागात बाप कोणता म्हणून विचारलं की माणसं काठ्या घेऊन उठतात. आम्ही दोघे उभ्याचे उभे. साठी उलटलेला मी आणि भावी तो. धाकट्याने फोन बंद केला, हे त्याने साहेबांसाठीही केलं नसतं. मला जे ठाऊक होतं ते मी मनात जुळवत होतो, की हे आता सांगता येणार नाही, तसा काही पुरावाच राहिलेला नाही, अंदाजाने बोलणं बरोबर नाही. सगळं अगदी बरोबर होतं. मी ते तोंडातून काढलंही नाही.

धाकट्याने मधल्या पैशावर बोट ठेवलं. "ह्यो, माय."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? मी वळखीत न्हाई का? ह्योच." सभेत रस्त्याचं आश्वासन देतो त्या आवाजात तो म्हणाला, आणि गाडीत बसून निघून गेला.

मी त्या संध्याकाळी केजला जायचं ते गेलो नाही. सकाळी ओट्यावर बसलो होतो. आत घंटा वाजली, आणि मग आवाज आला, "आवं, सांगून न सवरून कुठं गेलतात? सोनाराकडं? ह्या वयात लई नटायची हौस आली तुमाला." मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसेपर्यंत माझ्यातला कारकून जागा झाला. मी आत गेलो आणि म्हणालो, "माय, पण तो तोच कशावरून? दुसरा निघाला तर?"

"सासरा निघाला तर निघू दे," ती म्हणाली. "जल्मभर मी त्येंचं ऐकलं. आता त्येनी थोडं माझं ऐकावं."

मी हसलो. ती हसली नाही, आणि रागावलीही नव्हती. हातातला पैसा पुसत पुसत ती म्हणाली, "धाकटा खोटं बोलला, ते काय मला कळलं न्हाई व्हय? त्येला घंटा ठाव न्हाई. पर बाप कोणता म्हणल्यावर त्यानं बोट तरी ठिवलं. तू साऱ्या मुलखाचे पैसे वळकितूस लेका, आन बापाच्या येळंला मुका झालास."